एका रात्रीचा सेलिब्रिटी

पावसाळा आला की फोनमधले निम्मे स्टेटस एकाच पांढऱ्या फुलाचे असतात. नाव ब्रह्मकमळ, जन्म मेक्सिकोकडचा आणि खानदान चक्क निवडुंगाचं! त्याची खरी ओळख करून घेतली, तर ते तुमच्या बाल्कनीतही फुलेल.

जुलै उजाडला की दोन गोष्टी हमखास घडतात. रस्त्यावरचे खड्डे पाण्याने भरतात आणि वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर एक फोटो झळकतो. कुंडीमागे अख्खं कुटुंब उभं, आजी-आजोबा खुर्चीत, पुढे भलंमोठं पांढरंशुभ्र फूल आणि खाली ओळ, 'अमुक यांच्या घरी फुलले दुर्मीळ ब्रह्मकमळ'. आता तर पेपरवाल्यांची वाट बघायचीही गरज उरलेली नाही. रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅप उघडा. शाळेतली मैत्रीण, टीम लीडर, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांच्या स्टेटसला तेच फूल! एका रात्रीत एवढ्या घरांत फुलणारी गोष्ट दुर्मीळ कशी काय असेल?

खरं सांगू? ती दुर्मीळ नाहीच. शिवाय ते कमळही नाही आणि हिमालयातलंही नाही. तो एक निवडुंग आहे. होय, कॅक्टस! फक्त वाळवंटात न राहता झाडांच्या फांद्यांवर राहणारा.

आता 'नावावरून एवढी चर्चा कशाला?' म्हणून पान उलटू नका. या झाडाच्या बाबतीत ओळख पटणं आणि फूल येणं यांचा थेट संबंध आहे. तो कसा, हे मला कळलं माझ्या वडिलांच्या गावी, मेहकरला. पण तिकडे जाण्याआधी या नावाचा घोळ सोडवून टाकू.

एक नाव, दोन फुलं

ब्रह्मकमळ नावाची दोन वेगळी झाडं आहेत. पहिलं हिमालयातलं. त्याचं शास्त्रीय नाव सॉसुरिया ओबव्हलाटा. साधारण साडेतीन हजार मीटरच्या वर, बर्फाच्या शेजारी ते उगवतं. कूळ सूर्यफुलाचं आणि शेवंतीचं. फिकट पिवळसर-हिरव्या, कागदासारख्या पातळ पानांची एक ओंजळ असते आणि तिच्या आत जांभळट फुलांचा छोटा गुच्छ. हे उत्तराखंडचं राज्यफूल. केदारनाथ-बद्रीनाथला देवाला वाहतात ते हेच. १९८२मध्ये आपल्या पोस्ट खात्याने हिमालयातल्या फुलांची तिकिटं काढली, त्यातही ते होतं.

दुसरं आपल्या अंगणातलं. एपिफिलम ऑक्सिपेटलम. १८२८ साली स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. मूळ गाव दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडची जंगलं. फूल पूर्ण पांढरं, टपोरं, रात्री उमलणारं आणि सकाळी मान टाकणारं. हिमालयातलं फूल काही रात्री जागत नाही, हा दोघांतला सगळ्यात सोपा फरक.

मग आपल्या निवडुंगाला ब्रह्मदेव चिकटले कसे? उमललेल्या फुलात एकदा डोकावून बघा. मध्यभागी अनेक बोटं पसरलेली चांदणी दिसते. हा स्त्रीकेसराचा शेंडा. तिच्याभोवती पुंकेसरांची दाटी. कुणाला त्यात कमळावर बसलेले ब्रह्मदेव दिसतात, कुणाला फणा काढलेला शेष. एवढं देखणं फूल, तेही मध्यरात्री, म्हटल्यावर लोकांनी हात जोडले यात नवल ते काय! नाव बदला असं मी अजिबात म्हणणार नाही. मराठीत आता ब्रह्मकमळ म्हणजे हेच झाड. फक्त जोडीला चालणाऱ्या गोष्टी तेवढ्या सोडून द्या. 'बारा वर्षांनी एकदाच फुलतं' ही त्यातली पहिली. चांगलं पोसलेलं झाड एकाच पावसाळ्यात दोन-तीनदा बहरतं.

दुसरी गोष्ट पैशांची. 'ओरिजिनल हिमालयन ब्रह्मकमळ' म्हणून कुणी रोप किंवा बिया ऑनलाइन विकत असेल, तर कार्ड खिशातच राहू द्या. खरं हिमालयन रोप आपल्या उन्हाळ्यात टिकणार नाही. आणि पूजेसाठी, औषधासाठी तिकडे ते एवढं तोडलं गेलंय, की त्याची मागणी वाढवण्यात कुणाचंच भलं नाही. आपल्या ब्रह्मकमळाला तर पैसेच लागत नाहीत. ओळखीच्या घरातून एक 'पान' मागून आणायचं, बस्स!

मेहकरची दोन झाडं

मेहकर हे बुलडाणा जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या काठचं तालुक्याचं गाव. लोणारचं सरोवर बघायला जाणारे बरेच जण इथून पुढे जातात. गावाची खरी ओळख म्हणजे शारंगधर बालाजी. १८८८ साली जमिनीतून निघालेली विष्णूची काळ्या पाषाणातली ही मूर्ती एवढी उंच आहे, की समोर उभं राहिल्यावर मान वर करावीच लागते. विष्णूच्या नाभीतून कमळ आणि कमळावर ब्रह्मदेव, ही कथा इथल्या लहान पोरालाही पाठ असते. अशा गावात ब्रह्मकमळाला मान मिळणारच. ज्या घरी कळी मोठी होते, त्या घरी गल्लीला निरोप जातो. रात्री नऊपासून बायका जमतात. दिवा लावतात, हळद-कुंकू वाहतात, चहा होतो. फूल पूर्ण उमललं की ओवाळतात आणि मग फोटो!

याच गल्लीत माझी आत्या राहते. तिच्या शेजारच्या काकूंनी २००९ साली बुलडाण्याहून एक पान आणलं. त्याचे दोन तुकडे केले, एक स्वतः लावला, एक आत्याला दिला. काही वर्षं दोन्ही घरांत फुलं आली. २०१७मध्ये आतोबा गेले आणि त्यानंतर आत्याच्या झाडाने एकही फूल दिलं नाही. काकूंकडे एका रात्रीत पंधरा-पंधरा फुलं, हिच्याकडे नुसता पाला.

गल्लीत बोलणं सुरू व्हायला वेळ लागत नाही. 'भरल्या घरातच फुलते ते' असं कुणीतरी म्हणालं. ते वाईट हेतूने म्हटलं असेलच असं नाही, पण आत्यापर्यंत पोहोचलं. काकूंकडे फूल बघायला जाणं तिने हळूहळू बंद केलं. २०२३च्या जानेवारीत मी गेले, तेव्हा ती ते झाड टाकून द्यायच्या बेतात होती.

"मले तोंडावर कोणी काही म्हणत नाही," ती म्हणाली, "पण समजते ना बाई. माह्याच घरी काऊन फुलत नाही व हे?"

प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर दोन्ही अंगणांत मिळून होतं. एकाच पानाचे हे दोन तुकडे. म्हणजे नात्याने बहिणी-बहिणीसुद्धा नव्हेत. पानाच्या तुकड्यापासून वाढलेलं झाड हे गुणसूत्रांच्या हिशेबाने मूळ झाडच असतं, जसंच्या तसं. मग एकच झाड एका घरी फुलतं आणि दुसऱ्या घरी फुलत नाही, याचं कारण झाडात नसणार. ते जागेत शोधायला हवं.

काकूंची कुंडी पूर्वेच्या बाजूला कडुनिंबाखाली. सकाळचं कोवळं ऊन, नंतर दिवसभर गाळीव उजेड. आत्याची कुंडी? आतोबांच्या आजारपणाच्या वर्षी घराला मागे टिनाचं शेड काढलं, तेव्हा उचलून जिन्याखाली ठेवलेली. तिथून परत हलवायचं कुणाला सुचलंच नाही. आकाशाचा तुकडासुद्धा तिथून दिसत नव्हता. झाडाच्या फांद्या बोटासारख्या बारीक, लांबलचक, गडद हिरव्या झाल्या होत्या. घरात काय घडलं याचा झाडाला पत्ता नव्हता. त्याला उजेड मिळत नव्हता, एवढंच!

ते पान नव्हेच!

आता या झाडाची नीट ओळख करून घेऊ. आपण ज्याला पान म्हणतो, ते पान नाही. ते चपटं झालेलं खोड आहे. निवडुंगांनी पाणी वाचवायला पानं टाकून दिली आणि पानांचं काम खोडाकडे दिलं. शेताच्या बांधावरचा फड्या निवडुंग आठवा. त्याचे फडेसुद्धा खोडच. म्हणून तर 'पानातून फूल येतं' या चमत्कारात चमत्कार काही नाही. फूल खोडालाच येतंय. या चपट्या खोडाच्या कडेला खाचा असतात. नवी फांदी असो वा कळी, फुटणार ती या खाचेतूनच. फड्या निवडुंगाला काट्यांचे झुबके येतात ते असल्याच बिंदूंतून. ब्रह्मकमळाला मोठेपणी काटे राहत नाहीत, त्यामुळे कुणाला तो निवडुंग वाटत नाही.

राहायची तऱ्हाही वेगळी. मूळ जंगलात हे झाड मोठ्या वृक्षांच्या बेचक्यात, साचलेल्या पाचोळ्यात मुळं रोवून राहतं. बांडगुळासारखं दुसऱ्याचा रस मात्र शोषत नाही. घर त्याचं, जेवण माझं माझं, असा पेइंग गेस्टचा मामला! पाऊस पडला की मुळं भिजतात आणि थोड्या वेळात पाणी निथळून जातं. वर फांद्यांचं छत असल्यामुळे ऊन गाळून येतं. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. पुढची सगळी काळजी यातूनच निघते.

नातेवाइकांना ओळखा

नर्सरीत गेल्यावर फसगत होऊ नये म्हणून या खानदानातली आणखी काही मंडळी बघून ठेवा.

ड्रॅगन फ्रूट: होय, तोही याच गोतावळ्यातला! खोड तीन धारांचं, काटेरी आणि आधारावर चढणारं. फूल ब्रह्मकमळासारखंच रात्रीचं, पांढरं आणि प्रचंड. सांगली-सोलापूरकडे याच्या बागा आहेत. २०२१च्या जानेवारीत गुजरात सरकारने या फळाला 'कमलम' म्हणायचं ठरवलं. म्हणजे निवडुंगाला कमळ म्हणण्यात आपण एकटे नाही!

ख्रिसमस कॅक्टस: खेकड्याच्या नांग्यांसारखे छोटे चपटे तुकडे एकमेकांना जोडलेले. फुलं गुलाबी किंवा लाल, हिवाळ्यात, दिवसासुद्धा उघडी. मूळ ब्राझीलच्या किनारी डोंगरांमधलं. रात्री मोठ्या झाल्या की त्याला कळ्या धरतात. म्हणून नोव्हेंबरात ते रात्रभर ट्यूबलाइट जळणाऱ्या खोलीत ठेवू नका.

फिशबोन कॅक्टस: माशाच्या काट्यासारखं नागमोडी खोड. इन्स्टाग्रामवरचा लाडका. फूल आलं तर बोनस, नाहीतर नुसतं टांगून ठेवलं तरी मस्त दिसतं.

लाल फुलांचा ऑर्किड कॅक्टस: चपटं खोड ब्रह्मकमळासारखंच, पण फूल लाल, केशरी किंवा गुलाबी आणि दिवसा उमलणारं. हे बहुतेक संकर असतात. फूल एका रात्रीत न आटोपता दोन-तीन दिवस राहतं. 'लाल ब्रह्मकमळ' म्हणून चढ्या भावात हेच विकतात.

रिप्सालिस: शेवयांसारख्या लोंबत्या हिरव्या काड्या, त्यावर इवलीशी पांढरी फुलं. यातली एक जात आफ्रिका आणि श्रीलंकेतही निसर्गतः सापडते. बाकी झाडून सगळे निवडुंग मूळचे अमेरिका खंडातले.

आणि हो, रातराणीचा यातल्या कुणाशीही संबंध नाही. ती झुडूप आहे, निवडुंग नाही.

फांदीवरचं घर कुंडीत

'कॅक्टस आहे म्हणजे ऊन द्या, पाणी देऊ नका' हा सल्ला या झाडासाठी सरळसरळ घातक आहे. मेहकरला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. आत्याच्याच गल्लीत एकांनी हा सल्ला ऐकून कुंडी मे महिन्यात गच्चीवर ठेवली. आठवड्याभरात फांद्या पिवळ्या पडून करपल्या. उलट 'कमळ आहे म्हणजे पाणी हवं' म्हणून रोज तांब्याभर ओतणारेही आहेत. त्यांची मुळं कुजतात. नावावर गेलं की असं होतं!

उजेड: सकाळी नऊपर्यंतचं ऊन, नंतर लख्ख सावली. पूर्वेची बाल्कनी सर्वांत उत्तम. पश्चिमेची असेल तर हिरवी शेडनेट लावा. फांदी पिवळट-लालसर पडली तर ऊन जास्त होतंय, बारीक आणि दोरीसारखी लांब झाली तर कमी पडतंय. झाड स्वतःच सांगतं.

माती: विदर्भातली काळी माती कपाशीला झकास, पण या कुंडीत एकटी नको. पाणी धरून बसते. एक भाग माती, एक भाग पालापाचोळ्याचं खत किंवा कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू, विटांचे किंवा कोळशाचे तुकडे असं मिश्रण करा. तळाला भोक हवंच.

कुंडी: आठ-दहा इंचांची मातीची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीत झाड मुळं पसरत बसतं, फुलांचं नाव काढत नाही. जरा दाटीवाटीत ठेवलेलं बरं. फांद्या पसरतात, त्यामुळे काठीचा आधार द्या किंवा कुंडी उंचावर टांगा.

पाणी: वरची इंचभर माती कोरडी लागली की द्या आणि भोकातून निथळू द्या. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, शिवाय संध्याकाळी फांद्यांवर फवारा. हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी पुरे. हा थोडा कोरडा, थंड आराम पुढच्या बहरासाठी उपयोगी पडतो. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीवर पांढरे थर दिसतील. शक्य तेव्हा पावसाचं पाणी साठवून वापरा.

खत: फेब्रुवारीपासून महिन्याला मूठभर गांडूळखत. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. युरियाच्या भानगडीत पडू नका. नत्र जास्त झालं की पाला माजतो. कळ्या धरायच्या दिवसांत स्फुरद आणि पालाश जास्त असलेलं खत, तेही पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं.

कीड: खाचांमध्ये कापसासारखं पांढरं दिसलं की तो पिठ्या ढेकूण समजा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. पावसाळ्यात गोगलगायींवर नजर ठेवा. कोवळ्या कळ्या त्यांनाही आवडतात.

आत्याची कुंडी

आम्ही जिन्याखालची कुंडी उचलून काकूंच्या कुंपणाला लागून, त्याच कडुनिंबाच्या सावलीत ठेवली. एकदम उन्हात आणलं असतं तर झाड भाजलं असतं, म्हणून आधी दोन आठवडे ओसरीवर. दोरीसारख्या झालेल्या फांद्या कापल्या, माती बदलली. २०२३च्या पावसाळ्यात फूल आलं नाही. पण तळातून रुंद, जाड, पोपटी फांद्या फुटल्या. मी फोनवर सांगत होते, की या फांद्यांना वर्षभर पिकू दे. या झाडाला कोवळ्या फांदीवर फूल येत नाही.

आत्याचा विश्वास बसला होता असं मला वाटत नाही. पण पाणी ती नेमाने घालत होती.

२०२४च्या ऑगस्टमध्ये चार कळ्या धरल्या. एका गुरुवारी, मी पुण्यात ऑफिसचं काम आवरत असताना, सव्वादहाला व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर आधी नुसता अंधार, मग काकूंचा हात, हातात दिवा आणि चार पांढरी फुलं. गल्लीतल्या बायका होत्याच. ओवाळायची वेळ आली तेव्हा काकूंनी निरांजन आत्याच्या हातात दिलं. ती क्षणभर थांबली आणि मग तिनेच ओवाळलं. यावर कुणी काही बोललं नाही. चहाचे कप आले आणि कॉल कट झाला.

मला विचाराल, तर ब्रह्मकमळाला निवडुंग म्हणण्यात त्याचा अपमान नाही. उलट असं ओळखलं, की फूल न आल्याचा दोष घरातल्या कुणाच्या माथी जात नाही. कुंडी उचलून चार पावलं सरकवली की काम होतं.

लेट नाइटवाल्यांचं फूल

आता तुमच्याबद्दल. सकाळी आठला घर सोडणाऱ्या आणि रात्री नऊला परतणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं झाड शोधून सापडणार नाही. बाकीची फुलं तुम्ही मीटिंगमध्ये असताना उमलतात आणि सुकतात. हे मात्र तुमची वाट बघतं! संध्याकाळी सात-आठला पाकळ्या सैल होतात, दहा-अकराच्या सुमारास फूल पूर्ण उघडतं, बशीएवढं रुंद. वास सगळ्या खोलीत. पहाटे मान खाली.

हे टायमिंग अर्थात तुमच्यासाठी नाही. मूळ जंगलात त्याचे गिऱ्हाईक रात्री उडणारे मोठे पतंग. अंधारात त्यांना दिसावं म्हणून रंग पांढरा आणि लांबून सापडावं म्हणून सुगंध. दिवसभराची मेहनतही झाड रात्रीच आटोपतं. उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून ते आपली सूक्ष्म छिद्रं रात्री उघडून हवा घेतं. थोडक्यात, अस्सल नाइट शिफ्ट!

फूल कधी उमलणार हे आधी कळतं, त्यामुळे मित्रांना बोलवायलाही वेळ मिळतो. टाचणीच्या डोक्याएवढी कळी दिसल्यापासून साधारण तीन-चार आठवडे लागतात. कळीचा देठ लांबतो, खाली झुकतो आणि शेवटच्या दिवसांत इंग्रजी 'जे'सारखा वर वळतो. कळी फुगून पांढरी दिसायला लागली की आज-उद्याचाच प्रश्न. या काळात कुंडी हलवू नका, फिरवू नका, पाण्याचा खाडा करू नका. कळ्या गळायची बहुतेक कारणं हीच असतात.

रात्री फूल बघायला माणसं जमवण्याचा शौक काही फक्त मेहकरचा नाही. जपानीत याला 'गेक्का बिजिन' म्हणतात, म्हणजे चंद्रप्रकाशातली सुंदरी. श्रीलंकेत ते 'कडुपुल'. केरळमध्ये 'निशागंधी', आणि तिरुवनंतपुरममधल्या प्रसिद्ध खुल्या नाट्यगृहाचं नावही तेच. चिनी भाषेत क्षणभर चमकून नाहीशा होणाऱ्या गोष्टीला या फुलाची उपमा देतात. २०१८च्या 'क्रेझी रिच एशियन्स' सिनेमात श्रीमंत आजीच्या बंगल्यावर जी पार्टी होते, तीसुद्धा हेच फूल बघण्यासाठी. आपल्याकडे त्याला चहा-बिस्किटं पुरतात!

पान ते फूल : एक वेळापत्रक

• पान मागताना: निरोगी, किमान वर्षभराची चपटी फांदी मागा. वीतभर लांबीचा तुकडा बास.

• पहिला आठवडा: लगेच लावायची घाई नको. कापलेली बाजू सावलीत चार ते सात दिवस सुकू द्या. ओली जखम मातीत गेली की कूज होते.

• लावताना: जी बाजू झाडावर खाली होती तीच खाली ठेवा. दीड-दोन इंच मातीत, बाकी वर.

• पहिला महिना: माती जेमतेम ओलसर. तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. तुकडा हलका ओढून बघा, अडला तर रुजला.

• पहिलं वर्ष: फक्त वाढ. उभ्या गोल काड्या फुटल्या तर घाबरू नका. त्यांनाच पुढे चपट्या फांद्या येतात.

• दुसरं-तिसरं वर्ष: हिवाळ्यात पाणी कमी, फेब्रुवारीपासून खत, जूननंतर खाचांवर रोज नजर.

• फुलाच्या दुसऱ्या दिवशी: सुकलेलं फूल देठाजवळ कापा. फांदी ठेवा, तिच्या इतर खाचांतून पुन्हा कळ्या येऊ शकतात.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना एक शेवटचा फायदा सांगते. घर बदललं, शहर बदललं, तरी हे झाड मागे सोडावं लागत नाही. फांदी कापायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची, ट्रॅव्हल्सच्या बर्थखाली ठेवायची. आठवडाभराचा प्रवाससुद्धा ती आरामात सोसते, कारण सुकणं तिला हवंच असतं. आणि जे झाड तुम्ही तिकडे लावाल, ते गावाकडच्या झाडाचं पिल्लू नसेल. गावाकडचंच झाड असेल. आत्याच्या कुंडीतलं एक पान सध्या माझ्या पुण्यातल्या बाल्कनीत आहे. दीड वर्षाचं झालंय, अजून कळी नाही. घाई नाही.

तर पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा दिवाळीच्या फराळाच्या डब्याशेजारी जागा ठेवा. कुणाच्या तरी अंगणात ही कुंडी नक्की असेल. एक पान मागा. नाही कुणीच म्हणत नाही.